मुदत

चाव्या सात. त्यातली एक कशाची, कुणालाच ठाऊक नाही.
"तीही सांभाळ," इनासिनाबाई म्हणाल्या,
"कुलूप सापडतं कधीतरी."

एकतीस मार्च. म्हापशाच्या इस्पितळाचं औषध भांडार.
आम्ही मॉर्फिनच्या कुप्या मोजतोय,
त्या मोठ्याने, मी मनात,
आकडा जुळल्याशिवाय पुढचा खोका उघडायचा नाही.

सत्त्याऐंशीला त्या वाळपईत रुजू झाल्या तेव्हा
लोक बाटली घरून आणायचे,
फेणीची, खोबरेल तेलाची.
बाई आधी हुंगायच्या, मग उकळत्या पाण्याने विसळायच्या,
मग लाल मिक्श्चर, आणि काचेवर
डोसाच्या दात्यांची कागदी पट्टी.
वाचता येत नसे त्यांच्या पुडीवर
सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र.
एका धनगर म्हाताऱ्याने विचारलं,
"अवसेला काय करू?"
हे सांगताना बाई अजूनही हसत नाहीत.
प्रश्न बरोबर होता, म्हणतात, चित्र चुकलं होतं.
तेव्हापासून रात्रीसाठी पणती.

वादळात तीन दिवस वीज गेली,
जनरेटर दुसऱ्या रात्रीच बसला,
तेव्हा इन्सुलिन मासळी बाजारातल्या पेटीत ठेवलं.
बर्फाला टेकू द्यायचं नाही, गोठलं की मेलं,
म्हणून मध्ये वर्तमानपत्राच्या घड्या,
आणि दर तासाला बॅटरी मारून तापमान.
आठवडाभर खोक्यांना बांगड्याचा वास.
एका डॉक्टरांनी लेखी तक्रार केली.
बाईंनी ती फायलीला लावली, शेजारी तक्ता:
चार, पाच, पाच, चार, सहा.

पणजीला खरेदी समितीत
सगळ्यात स्वस्त गोळीवर सगळ्यांचं एकमत होत आलं होतं.
बाईंनी पाण्याचा पेला मागवला.
वाटलं, तहान लागली असेल.
गोळी पाण्यात टाकून त्या गप्प बसल्या.
चहा आला, काजू आले, विषय तीन ते अकरा झाले.
तासाभराने त्यांनी पेला अध्यक्षांसमोर सरकवला.
गोळी तळाशी, अख्खी,
तिच्यावरचं कंपनीचं नावसुद्धा वाचता येत होतं.
त्या वर्षी त्यांची बढती अडली.
कारण वेगळं लिहिलं होतं.

आता शेवटचं कपाट. विषारी औषधांचं.
तळाशी एक पाकीट, नोंदवहीत नसलेलं.
"हे कुठल्या खात्यात धरू?"
बाई खुर्चीवर बसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

आत एक चिठ्ठी, एक्क्याण्णवची, पिवळी.
अर्ध्याच्या आधीचा टिंब घडीत गेला होता,
त्यांनी पाच वाचलं.
"मूल होंड्याचं. वाचलं.
त्याची आई बसस्टॉपवरून परत आली,
म्हणाली, बाय, पुडी आज जड लागते.
पळय शाणू, चूक मी नाही पकडली.
तिने पकडली. तळहाताने."

बाहेर कुणीतरी शाल आणि नारळ घेऊन ताटकळत होतं.
"म्हणून मोठ्याने मोजते," बाई म्हणाल्या,
"दुसऱ्याला ऐकू जावं म्हणून."
आणि कुप्या पहिल्यापासून.
या वेळी मीही आवाज काढला.

सही केली. पाकीट त्यांनी परत तळाशी ठेवलं.

सोमवारी खिडकीवरचा मुलगा रजेवर, म्हणून मी उभा.
रांगेत अकरावा नंबर इनासिना कुलासो,
हातात कापडी पिशवी, रक्तदाबाची चिठ्ठी.
मी गोळ्या दिल्या, तीस.
त्या बाजूला झाल्या, चष्मा वर सारला,
पट्टी उलटी करून मुदत वाचली,
मग मोजायला लागल्या, मोठ्याने.
मागची रांग कुरकुरली.
एकोणतीसवर त्या थांबल्या,
माझ्याकडे पाहिलं,
आणि माझा हात
आपोआप खोक्याकडे गेला, तेव्हा त्या म्हणाल्या,
"तीस."